शेवटच्या ओळीतलं नाव

पंचफुलाबाईला दुपारी जरा आडवं व्हायचं होतं. सकाळपासून सोयाबीन निंदून कंबर धरली होती. पण अमरावतीहून पौर्णिमा आली होती. इथल्याच, रिठद गावच्या जुन्या गायन पार्टीवर ती प्रबंध लिहीत होती, आणि आज लिहिलेलं वाचून दाखवणार होती. पंचफुलाबाईचा मुलगा धम्मरत्न, शाळेत मास्तर, त्यासाठी रजा टाकून बसला होता. बापाच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं त्याच्या मनात होतं.

“कवी आणि गायक देवमन यांनी बासष्ट गाणी रचली,” पौर्णिमा वाचू लागली. “पत्नी पंचफुला कोरसमध्ये साथ देत.”

“बरोबर हाये न माय?” धम्मरत्न म्हणाला.

पंचफुलाबाई कंबर चोळत राहिली. पार्टी देवमनची होती, आणि ज्याची पार्टी त्याचं नाव शेवटच्या ओळीत गुंफायचं, हा रिवाज होता. गाणी मात्र ती शेतात जोडायची. निंदताना बाईच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. पात संपली की कडवं संपलं पाहिजे, हे तिचं माप. लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती सांगायची, देवमन वहीत उतरवायचा आणि पेटीवर चाल बांधायचा. शेवटच्या ओळीत त्याचं नाव घालायचीही तीच. बळजबरी कोणाची नव्हती. बाई कुठं नाव घालते, असं तिलाही वाटायचं.

“आजी, एक अडतंय,” पौर्णिमा म्हणाली. “मागच्या वेळी तुम्ही लॉकडाऊनचं गाणं म्हटलं होतं.” तिने मोबाइलवर ते लावलं. पंचफुलाबाईचा घोगरा आवाज खोलीत आला:

*पाय सोलले रस्त्यानं, माय लेकरू घेऊन आली,*
*देवमन म्हणे, गावाची शीव कोणी बंद केली?*

“आजोबा तर २०१६ मध्ये गेले ना?”

सवयीनं पंचफुलाबाईची जीभ घसरली होती. लॉकडाऊनपर्यंत नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, तरी शेवटची ओळ आली की त्याचंच नाव तोंडात यायचं.

“माय,” धम्मरत्नचा आवाज उतरला, “खरं सांग. बाबानं किती गाणे जोडले?”

पंचफुलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. चाळिशीचा बाप्या, पण लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसाच चेहरा. हे एकच गाणं माहं, बाकी सारे त्याचे, असं म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. आज तो नव्हता.

“एकबी नाही राजा. पन चाली साऱ्या त्याच्याच. चालीबिगर माहे शब्द कोरडे व्हते.”

“मंग इतके वर्ष मले काहून नाही सांगतलं? मी वर्गात पोराईले सांगत आलो, माहा बाप कवी व्हता म्हणून!”

“तुले बाप कमी वाटू नये म्हणून.”

तो उठला. चहाचा कप तसाच टाकून बाहेर गेला. गाडी सुरू होते की काय, म्हणून पंचफुलाबाई कान देऊन राहिली. डोक्यात राग घेऊन पोरगं मोठ्या रस्त्याला लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. गाडी सुरू झाली नाही. तो ओट्यावरच बसला होता, दाराकडे पाठ करून.

“आजी,” पौर्णिमा हळूच म्हणाली, “तुम्हाला नको असेल तर यातलं काही लिहीत नाही.”

पंचफुलाबाईला वाटलं, राहू द्यावं. इतकी वर्षं राहिलंच होतं. पण ‘साथ देत’ हे दोन शब्द पातीतल्या काडीसारखे पायात रुतले होते.

“लिही. गाणे पंचफुलाचे, चाली देवमनच्या.”

“आन् ते कोरस-बिरस खोडून टाका, मॅडम,” ओट्यावरून आवाज आला. मान वळली नव्हती.

पौर्णिमाने ओळ खोडली आणि वहीचं कोरं पान काढलं. आता प्रत्येक गाणं कुठं सुचलं, कोणाच्या वावरात, केव्हा, सगळं नव्यानं विचारावं लागणार होतं. बासष्ट गाणी. पंचफुलाबाईनं भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले.

“पयलं उकंडरावच्या वावरात सुचलं,” ती म्हणाली. “कापसाची पराटी व्हती. धम्मरत्न पोटात व्हता.”