सोमनाथचा फोन कोणत्या कलमाखाली घेतला?

"मॅडम, फोनचा लॉक उघडून दिल्याशिवाय सोमनाथला सोडणार नाही म्हणतायत."

आदित्यचा कॉल आला तेव्हा मी लॉ कॉलेजात शिकवत होते. तास अर्धवट टाकून निघाले.

दोघंही माझे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. पोलिसांच्या झडतीच्या अधिकारांवर त्यांचा प्रोजेक्ट होता. नाशिकच्या वेशीवर भर दुपारी नाकाबंदी होती. दोघांच्या दोन बाइक. दोघांकडे लायसन्स, हेल्मेट. आदित्यला "जा" म्हणाले. सोमनाथला विचारलं, "कुठला तू?" त्यानं पेठकडच्या आपल्या आदिवासी पाड्याचं नाव सांगितलं. लगेच त्याची सॅक रस्त्यावर उपडी केली.

"सर, कारण काय?" त्यानं एवढंच विचारलं. त्यावर फोन काढून घेतला आणि चौकीत नेऊन बसवलं.

मी पोहोचले तोवर लॉक उघडून घेतलेला होता. सोमनाथ बाकावर मान खाली घालून बसलेला. एक हवालदार त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो बघत होता. माझं डोकंच फिरलं.

"पंचनामा दाखवा," मी उपनिरीक्षकांना म्हणाले. पंचनामा म्हणजे साक्षीदारांसमोर केलेली लेखी नोंद.

"अहो मॅडम, जप्त कुठे केलाय? रुटीन चेकिंग आहे."

"जप्त नाही, तर तुमच्याकडे कसा?"

"संशय आला."

"कसला?"

"तिकडची पोरं काय काय आणतात, तुम्हाला नाही माहीत."

"हेच वाक्य लिहून द्या. सहीनिशी."

कागदपत्रं बघायला पोलीस गाडी थांबवू शकतात. झडतीसाठी मात्र संशयाला ठोस आधार लागतो. गावाचं नाव हा आधार नव्हे.

फोन दोन मिनिटांत मिळाला. माफी नाही. "घ्या, आता विषय संपवा."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आजच तक्रार करू."

"नको मॅडम. मला रोज याच रस्त्यानं जायचंय."

मी त्याच्यावरच चिडले. वकील काय होणार तू, असंही बोलून गेले. त्याची आजही लाज वाटते. मी चौकीतून कारनं घरी जाणार होते. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच नाका होता.

आठवड्यानं तो स्वतः तक्रार लिहून घेऊन आला. त्यातला एक शब्दही मला बदलावा लागला नाही. वरिष्ठांकडे दिली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: "सदर दिवशी कोणाचीही झडती घेतल्याची नोंद आढळून येत नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

नोंद त्यांनीच करायची. त्यांनी केली नाही, म्हणून घडलंच नाही!

सोमनाथनं त्यावर अपील केलंय. मी आता झडतीचं कलम शिकवण्याआधी मुलांना सांगते, अधिकाऱ्याचं नाव आणि वेळ तिथेच लिहून घ्या. पोलीस ते लिहीत नाहीत.