सोमलिंगाचं सोंग

बेंबळीच्या खाजाभाई पिंजाऱ्याला दोन कामं येत होती. एक कापूस पिंजायचं आणि दुसरं लोकांची सोंगं घ्यायचं. पहिल्यावर त्याचं पोट चालायचं आणि दुसऱ्यावर नाव. नावाची माणसाला एवढी काय गरज असते कोण जाणे, पण असते. खाजाभाईला तर जरा जास्तच होती.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. मोहरम म्हणजे तेव्हा सगळ्या गावाचा सण. पीरांचे पंजे बसायचे, अलाव्याच्या जाळाभोवती पोरं नाचायची, कुणी नवसानं वाघ व्हायचं, कुणी फकीर. नवस बोलणाऱ्यांत हिंदूंची घरं काही कमी नसायची. दुपार कलली की सोंगं निघायची आणि दिवस मावळेपर्यंत गल्लोगल्ली फिरायची. त्यात खाजाभाईचा हात धरणारा कुणी नव्हता. लंगडा, बहिरा, तोतरा, आंधळा, ज्याला त्यानं चालून-बोलून दाखवलं नाही असा एकही माणूस गावात उरला नव्हता. बघून गाव हसायचं. त्या हसणाऱ्यांत ते लंगडे-बहिरेही असायचे. न हसून जातात कुठं?

त्याच्या भिंतीला भिंत लावून महादेवीचं घर होतं. लिंगायताची बाई, ऐन तारुण्यात नवरा गेलेला, पदरात एकच पोर. सोमलिंग त्याचं नाव. पोर आता पंचविशीला आलं होतं. सोमलिंग बसल्या जागी पुढं-मागं झुलायचा. डोळ्यांपुढं बोटं नाचवून त्यातून उजेड बघत राहायचा. कुणाच्या नजरेला नजर द्यायचा नाही. आणि त्याला काही विचारलं, तर तेच शब्द विचारणाऱ्याच्या अंगावर परत यायचे. "कुठं निघालास रं?" म्हणावं, तर "कुठं निघालास रं?" आजच्या डॉक्टरांकडं त्याला काहीतरी नाव असेल. बेंबळीला तेव्हा एकच शब्द ठाऊक होता, येडा. तो शब्द वापरला की बेंबळीचं समाधान व्हायचं.

खाजाभाईला मात्र तो येड्याहून बराच जास्त ठाऊक होता. आठ-दहा वर्षांचा असल्यापासून सोमलिंग त्याच्या अंगणात येऊन बसायचा. पिंजायच्या कमानीची तात वाजायला लागली की त्याचं झुलणं हळूहळू थांबायचं. कापसातला काडीकचरा तो असा वेचायचा की पुन्हा बघायला नको. तात तुटायला आली तर खाजाभाईच्या आधी त्याला कळायचं, मग तो कानांवर हात ठेवून उठून उभा राहायचा. पुढं पुढं खाजाभाई त्याला गावोगाव बरोबर न्यायला लागला. कळंबच्या बाजारालाही नेलं. महादेवी सकाळी भाकरी बांधून द्यायची आणि म्हणायची, "तुमच्या भरवशावर हाय, खाजाभाई." पंधरा वर्षांत त्या भरवशाला कधी तडा गेला नव्हता.

मग लेव्हीचं साल आलं. लढाई कुठं लांब चाललेली, आणि धान्य द्यायचं बेंबळीनं. किती पिकलं हे महसुलाचा अंमलदार, गिरदावर, ठरवायचा, किती द्यायचं हेही तोच. लोक रातोरात पेवं खणायचे, ज्वारी पुरायचे, वर शेण सारवून गुरं बांधायचे. तरी गिरदावर येऊन नेमक्या त्याच जागी काठी आपटायचा. कुणीतरी खबर देत होतं, एवढं नक्की. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. माणसांना कुणावर तरी दात खायचे होते आणि कुणावर ते कळत नव्हतं.

अशा दिवसांत खाजाभाईच्या डोक्यात सोंग आलं. तो अंगणात झुलून बघत होता तेव्हा भिंतीवरून महादेवीनं पाहिलं.

"माझ्या सोमाचं सोंग घेताय व्हय?" ती म्हणाली.

खाजाभाई ओशाळला. "नगं म्हणत असाल तर न्हाय घेत, आक्का."

"घ्या की. सगळ्या गावाचं घेता, त्यालाच का वगळता? पर त्यो हाय तसा दावा."

"हाय तसा दावला तर लोक बसायचे न्हाईत, आक्का. सोंगाला शेवट लागतो."

"माझ्या लेकाला कुठला आलाय शेवट? उठतो, झुलतो, खातो, निजतो."

खाजाभाई मान हलवून हसला. त्याला वाटलं, बाईमाणसाला सोंगातलं काय कळतंय.

त्या वर्षी मोहरम थंडीत आला. नवव्या दिवशी दुपारी खाजाभाई पंज्यांसमोरच्या मोकळ्या जागेत येऊन बसला आणि झुलायला लागला. डोळ्यांपुढं बोटं नाचवली. लोकांनी ओळखलं आणि हसायला सुरुवात केली. त्यानं विचारणाऱ्याचे शब्द परत केले, शेवटचं अक्षर ताणून ताणून, नाकातून. हसून हसून माणसांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सोंगात घरधनी झालेल्या जोडीदारानं येड्याची कीव केली, भाकरी दिली, गोठ्यात झोपायला जागा दिली आणि त्याच्यासमोरच पेवात ज्वारी पुरली. येड्यासमोर लपवायचं काय? मग घरधनी गेला. खाजाभाईचं झुलणं थांबलं. तो ताठ उभा राहिला, केसांवरून हात फिरवला, सदऱ्याच्या आतून सरकारी माणसं घालायची तसली लाल रुमी टोपी काढून डोक्यावर चढवली आणि साफ आवाजात म्हणाला, "गिरदावरसाब, इथं खणा."

मग जो गलका उठला तसा बेंबळीनं आधी कधी ऐकला नव्हता. पटके हवेत उडाले. इतके दिवस छातीत कोंडलेला राग हसण्यावाटे बाहेर पडला. खाजाभाईला दोघांनी खांद्यावर घेतलं.

सोमलिंग कडेला बसून कापसाचं बोंड हातात फिरवत होता. महादेवी त्याला घेऊन उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती खाजाभाईच्या दारात आली.

"शेवट बदला. माझं लेकरू खोटं झुलतंय म्हणून सांगू नगा. दुसरं काय बी दावा, म्या काय म्हणणार न्हाय."

"अवो आक्का, त्यो सोमा न्हाय, त्यो सोंगातला येडा हाय."

"लोकांनी सोमाच बघितला."

"बरं, बदलतो," खाजाभाई म्हणाला.

बदलला नाही. सात गावांची बोलावणी आली. येरमाळ्याकडनंसुद्धा माणूस आला. दर गावी तो ठरवून जायचा की आज टोपी काढायची नाही, आणि दर गावी झुलता झुलता तो क्षण जवळ आला की हात आपसूक सदऱ्यात जायचा. समोर पाचशे माणसं श्वास रोखून बसलेली असताना हात आवरणं खाजाभाईच्या स्वभावात नव्हतं. त्याची बायको लालबी म्हणाली, "उस माँ का दिल काय को दुखाते जी?" त्यानं तिच्याकडं पाठ केली. चूक कळत होती आणि गोडही लागत होती. असल्या चुका लवकर सुटत नाहीत.

फाल्गुनात ओढ्यापलीकडच्या वाडीवर महारुद्र नावाच्या शेतकऱ्याच्या पोरीचं लग्न निघालं. पाच गाद्या, चार रजया भरायच्या होत्या. खाजाभाई सोमलिंगाला घेऊन गेला. दोन दिवस काम झालं, मग कापूस कमी पडला म्हणून दोघं परत आले. त्यानंतर चौथ्या दिवशी वाडीवर गिरदावर आला आणि त्यानं चार पेवं उघडली. त्यातलं एक महारुद्राचं होतं. लग्नाची ज्वारी गाड्यांत भरून गेली.

ह्यातलं काहीच खाजाभाईला ठाऊक नव्हतं. कापूस आल्याचा निरोप मिळाला तसा तो सोमलिंगाला घेऊन निघाला. वाडीच्या पारावरच्या लिंबाखाली सोमलिंगाला बसवलं आणि कापसाचं गाठोडं आणायला महारुद्राच्या घरी गेला. घरात नुसत्या बायका होत्या, आणि त्या त्याच्याशी धड बोलेनात.

पारावर सात-आठ जण जमले.

"कोण हाईस तू? कुणी धाडलं तुला?" एकानं विचारलं.

सोमलिंग झुलत म्हणाला, "कोण हाईस तू? कुणी धाडलं तुला?"

"पेवाची खबर तूच दिलीस का न्हाय?"

"पेवाची खबर तूच दिलीस का न्हाय?"

"सोंग सोड!"

"सोंग सोड!"

तोच आवाज, तीच जरब. त्यांना वाटलं, हा आपल्याला वेडावून दाखवतोय. वाडीवर सगळ्यांनी खाजाभाईचं सोंग बघितलं होतं. येडा शेवटी ताठ उभा राहतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ह्याला उभा करायचा एवढंच बाकी होतं. पहिली काठी महारुद्राच्या भावानं मारली.

खाजाभाई धावत आला तेव्हा सोमलिंग जमिनीवर पडून झुलायचा प्रयत्न करत होता. खाजाभाई त्याच्या अंगावर आडवा पडला. "मारू नगा! त्यो खरंच तसा हाय! जन्मापास्नं हाय!"

"मग तूच सोंगात दावलंस ते काय?"

"ते म्या मनानं घातलं! खोटं हाय ते सगळं! लोक हसावेत म्हणून घातलं!"

"आता ह्ये रडायचं सोंग का?" एक जण म्हणाला आणि दोघं-तिघं चक्क हसले. खाजाभाई अल्लाची शपथ घेत होता, येडेश्वरी देवीची घेत होता, माती कपाळाला लावत होता. त्याचं खरं रडणं त्या दिवशी कुणाला ओळखू आलं नाही. इतकी वर्षं तो फार हुबेहूब रडून दाखवत आला होता.

काठ्या थांबल्या त्या महारुद्र शेतातून आला तेव्हा. त्यानं सोमलिंगाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं स्वतः बैलगाडी जुंपली. तिसऱ्या दिवशी सोमलिंग गेला. चावडीवर 'पडून मयत' एवढंच लिहिलं गेलं. पेवांची खबर वाडीतल्याच भावकीतल्या एकानं दिली होती, बांधाच्या भांडणापायी. ते दोन महिन्यांनी कळलं. कळून कुणाला काय मिळालं?

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं सोमलिंगाला बसवून पुरलं. खाजाभाई लांब उभा होता. सगळे गेल्यावर त्यानं जवळ जाऊन मूठभर माती टाकली.

महादेवीनं अन्न सोडलं. शेजारणी यायच्या, समजावून जायच्या. लालबीनं दिलेली भाकरी तशीच परत यायची. आठ दिवस खाजाभाईनं त्या घराकडं मान वर करून पाहिलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ती स्वतःच त्याच्या अंगणात आली आणि त्याच्यासमोर बसली. अंगात त्राण उरलं नव्हतं, पण नजर सरळ होती.

"आक्का, मला मारा," खाजाभाई म्हणाला. "शिव्या द्या. काय बी करा."

"तुमच्यावर माझा राग हाय," महादेवी म्हणाली. "मरंस्तवर राहील. ते सांगायला न्हाय आले."

"मग?"

"सांजच्याला म्या त्याच्या म्होरं ताट ठेवायची आन् म्हणायची, जेवतोस का. त्यो बी म्हणायचा, जेवतोस का. मग आमी दोघं जेवायचो. घरात आवाज न्हाय, खाजाभाई. घास उतरत न्हाय. ह्या मुलखात त्याचा आवाज तुमच्याबिगर कुणाला येत न्हाय. एकदा बोला."

एवढं तरी आपल्या हातून होईल, असं खाजाभाईला वाटलं. लालबी न सांगता आतून ताट घेऊन आली. महादेवीनं ते त्याच्यापुढं सरकवलं.

"जेवतोस का?"

"जेवतोस काऽ?"

महादेवीनं मान हलवली. "असं न्हाय. त्यो ताणायचा न्हाय."

त्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा शेवटचं अक्षर नाकात गेलं.

"त्यो माझ्यावानीच म्हणायचा. साधं. जेवतोस का?"

खाजाभाईनं डोळे मिटले. पंधरा वर्षं शेजारी बसलेल्या त्या पोराला आठवायचा प्रयत्न केला. कापूस वेचणारी बोटं आठवली, मान आठवली. आवाज आठवायला गेला की पाचशे माणसांचं हसणं आधी यायचं आणि त्याच्या मागून तो नाकातला, ताणलेला, त्यानं स्वतः तयार केलेला आवाज यायचा. त्याच्या पलीकडं काही नव्हतं. सोमलिंगाचा आवाज त्याच्यापाशी उरलाच नव्हता.

"येत न्हाय, आक्का," तो म्हणाला आणि रडायला लागला.

महादेवी तशीच बसून राहिली. भाकरी ताटात गार होत होती.

"पुन्ना म्हणा," ती म्हणाली.