पगडीचं दुसरं टोक

परवा साताऱ्यात मिरवणूक गेली आणि उघड्या खिडकीतून गुलालाचा वास घरात आला. त्या वासासरशी वीसेक वर्षांपूर्वीचं, वडूजच्या करतारसिंगांचं अंगण आठवलं.

महाराष्ट्रातल्या शिखांवर माहितीपट करायचा म्हणून मी एकटीच कॅमेरा घेऊन हिंडत होते. करतारसिंगांचं ट्रकचं गॅरेज होतं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत दिल्लीत त्यांचे वडील मारले गेले, तेव्हा ते इकडे आले आणि इथल्याच शालनताईंशी लग्न करून राहिले. त्या सकाळी ते पगडी बांधताना मी चित्रण करणार होते. घडी घालायला दुसरं माणूस लागतं, म्हणून कॅमेरा स्टँडवर ठेवून ओलसर मलमलीचं एक टोक मी धरलं.

एवढ्यात वेशीकडून हलगी आणि आरडाओरडा ऐकू आला. माझ्या हातातलं कापड ताणलं गेलं.

"दार लाव," करतारसिंग म्हणाले.

"आवं, निवडणुकीची मिरवणूक हाय ती," शालनताई म्हणाल्या. "आपल्या शेजारचीच पोरं हायत."

"तवा बी शेजारचीच हुती."

शालनताईंनी कडी घातली. हलगी दाराशी येऊन थांबली. "सरदारजी, भाईर या की," कुणीतरी हसत हाक मारली. आम्ही तिघंही जागचे हललो नाही. मग आवाज पुढे गेला.

तेव्हा मला वाटलं, त्यांना दिल्ली आठवली. आता कळतं, उद्या हीच पोरं चालून आली तर कोण कोण होतं ते सांगता यावं, म्हणून ते बाहेरचा एकेक आवाज ओळखून ठेवत होते.