साळवी मॅडमना पाठवलेले तीन मेल

“बाबा, ‘नोकरी’ हा शब्द आधी खोडा,” सायली म्हणाली. “नोकरी मागितली की माणूस पळतो. सल्ला मागा.”

मी खोडला. दोन तास खपून चार ओळी जमल्या होत्या, त्यातली एक अशी गेली. सायली माझी मुलगी. पनवेलला एका ऑफिसात एचआरमध्ये आहे. असे मेल तिच्याकडे रोज येतात, म्हणून मी निमूट ऐकत होतो. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारा नाही.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात बॉयलर हाउसचा शिफ्ट इन्चार्ज होतो. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, ती प्लांटला द्यायची. चोवीस वर्षं हेच केलं. मग मॅनेजमेंटनं ठरवलं, वाफ शेजारच्या कंपनीकडून पाइपनं विकत घ्यायची. एचआरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, “तीन महिने आहेत. बाहेर बघायला लागा.” माझं वय त्रेपन्न. बाहेर म्हणजे नेमकं कुठे, ते काही ते बोलले नाहीत. मी घाबरलो होतो. घरी सांगायलाच आठ दिवस लागले.

आमच्या भागात नोकरी लागते ती कुणाच्या तरी शब्दावर. माझ्यासाठी शब्द टाकतील अशी माणसं रिटायर तरी झाली होती, नाहीतर वर तरी गेली होती. राहिल्या साळवी मॅडम. त्या सेफ्टी ऑडिटर, म्हणजे कारखान्यात सुरक्षेचे नियम पाळतात का ते बाहेरून येऊन तपासणाऱ्या. चार वर्षांपूर्वी दोन दिवस आमच्याकडे आल्या होत्या. माझी लॉगबुकं चाळून म्हणाल्या, “इतकं नीट ठेवलेलं रेकॉर्ड क्वचित बघायला मिळतं.” जाताना कार्ड दिलं आणि काही लागलं तर मेल करा म्हणाल्या. असं सगळेच म्हणतात. पण बुडत्याला काडीचा आधार.

पहिल्या मेलमध्ये लिहायचं काय, इथंच गाडी अडली. “तुम्ही काय काय केलंत ते लिहा ना,” सायली म्हणाली. आता बॉयलरवाल्यानं काम चांगलं केलं म्हणजे काय, तर काही झालं नाही. आम्ही दर तासाला वाफेचं प्रेशर, पाण्याची लेव्हल, धुराचं तापमान वहीत टिपायचो आणि शेवटच्या रकान्यात ‘नॉर्मल’ लिहायचो. चोवीस वर्षांच्या नॉर्मलचा बायोडाटा कसा करतात? शेवटी तेच साधेपणानं लिहिलं. माझ्या शिफ्टला कधी अपघात झाला नाही, आता पुढे काय करावं, तुमचा सल्ला हवा.

दोन दिवसांत उत्तर आलं. मॅडमना मी आठवत होतो. एका ट्रेनिंग संस्थेला बॉयलर ऑपरेटरना शिकवणारा अनुभवी माणूस हवा होता. “तुमचं नाव सुचवते,” त्यांनी लिहिलं होतं. “फक्त एखादा कठीण प्रसंग तुम्ही कसा हाताळलात, ते सविस्तर लिहून पाठवा.”

प्रसंग होता. पण तो वहीत नव्हता.

मॅडमच्या ऑडिटच्या आधीचा महिना. दुपारची अडीचची वेळ. माझा ऑपरेटर नामदेव ड्युटीवर होता. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की एक अलार्म वाजतो आणि आग आपोआप थांबते. तो अलार्म उगाचच वाजायचा, म्हणून नामदेवनं वायर जोडून तो बंद करून ठेवला होता. त्यात पाण्याचा पंप थांबला. नामदेव बाहेर फोनवर बोलत होता. मी आलो तर पाण्याची लेव्हल दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेना. नामदेवही मागोमाग धावत आला आणि पंप पुन्हा सुरू करायला गेला. मी त्याचा हात धरला. तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं असतं, तर शेडसकट आम्ही सगळे उडालो असतो. मी कोळसा बंद केला, आगीला हवा देणारे पंखे बंद केले, वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. आणि मग थांबलो. त्या वेळी काहीच न करता थांबणं, हेच सगळ्यात अवघड काम असतं.

नळ्या तपासल्या. नशीब, शाबूत होत्या. नामदेव रडत होता. “दादा, मेमो निगाला तं मी कामातून गेलो.” मी वहीत लिहिलं, ‘पंपाच्या देखभालीसाठी बॉयलर बंद. बाकी नॉर्मल.’ आमच्यात असंच चालायचं. आपल्या माणसाला कागदावर अडकवायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ मी दुसऱ्या मेलमध्ये उघडली. सायलीला दाखवलं नाही. नामदेवचं नाव तेवढं गाळलं, बाकी सगळं लिहिलं, वहीत काय लिहिलं तेसुद्धा. लिहिताना छाती फुगली होती. आपण लिहितो कुणाला आहोत, हे डोक्यातच आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाच दिवस काही नाही. मग उत्तर आलं.

“ते पान मी तपासलं होतं. त्या महिन्याच्या रेकॉर्डवर माझी सही आहे. त्या दिवशी तुम्ही माणसं वाचवलीत, यात शंका नाही. पण मी तुमचं नाव सुचवू शकत नाही. तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस वहीत काय लिहील, याची मला खात्री नाही. एकच विचारते, तो ऑपरेटर आज बॉयलरवर आहे का?”

मला राग आला. मग लाज वाटली. कारण उत्तर मला माहीत होतं. नामदेव मोहोपाड्याला एका केमिकल कारखान्यात आमच्यापेक्षा मोठा बॉयलर चालवत होता. शब्द मीच टाकला होता. रेकॉर्ड क्लीन आहे, असं सांगून.

मी त्याला फोन लावला.

“ती जुनी गोष्ट कशाला काढता, दादा? आता तसं नाय होत.”

“अलार्म चालू आहे ना तुझा?”

“हाय की. म्हंजे, बिगाडलाय. मानूस येनार हाय दुरुस्तीला.”

“कधीपासून बंद आहे?”

“दादा, पोरीचं लगीन हाय दिवाळीनंतर. तुमी कोनाला बोलू नका.”

मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी परत फोन केला. दुरुस्तीवाला आला नव्हता आणि बॉयलर चालूच होता. त्या शेडमध्ये एका वेळी सात-आठ माणसं असतात. मग मी तिसरा मेल लिहिला. अलार्म बंद असल्याची एक ओळ, कारखान्याचं नाव आणि नामदेवचं नाव.

मॅडमनी त्याच दिवशी त्या कारखान्याला कळवलं. अलार्म दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, आठवड्याभरात नामदेवला काढलं. मला वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. मॅडमचं ‘धन्यवाद’ एवढंच उत्तर आलं. ट्रेनिंगची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

मी सध्या कर्जतजवळच्या एका रिसॉर्टच्या लाँड्रीतला छोटा बॉयलर सांभाळतो. चादरी-टॉवेल धुवायला वाफ लागते. कंत्राटी काम आहे.

नामदेवच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मात्र आली. तो स्वतः आला नाही, पुतण्याच्या हाती पाठवली. आम्ही घरचे सगळे गेलो. त्यानं नमस्कार केला, बसा म्हणाला. पंगतीत तो वाढप्यांच्या मागे फिरून प्रत्येकाला आग्रह करत होता. “घ्या हो, एक तरी जिलेबी.” माझ्या पानासमोरून तो तसाच पुढे गेला. मी जेवलो. पानावरून उठून जाणं बरं दिसलं नसतं.

दूरच्या ओळखीच्या माणसाला सल्ला विचारायला हरकत नाही. फक्त त्यानं उलट काही विचारलं, तर खऱ्या उत्तराची झळ कुणाला बसेल, ते आधी बघून ठेवावं. बहुतेक वेळा ती आपल्याला कमी बसते.