ह्यांच्या वाटणीची भीती

सगळ्यांना नमस्कार. इथले अनुभव बरेच दिवस वाचतेय, पण लिहिणारी मी नव्हे. मी विज्ञान शिकवते. गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत, सहावी ते आठवी. अंगात येणं, दृष्ट लागणं असलं काही घेऊन पोरं वर्गात आली की त्यांना बसवून समजावणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय... पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. नावं बदललेली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

माझे मिस्टर सुधाकर वनरक्षक. तेव्हा ड्युटी आलापल्लीच्या पुढे, सागवानाच्या जंगलात. मी गोंडपिपरीला खोली करून राहायचे, ते शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या बसने परत. मुलगी नागपूरला हॉस्टेलवर. असा आमचा संसार.

एका पावसाळ्यात ह्यांना मेंदूज्वर झाला. चंद्रपूरला अकरा दिवस बेशुद्ध होते. वाचले. सुरुवातीला नावं विसरायचे, मला दोनदा त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, पण दोन-तीन महिन्यांत बरंचसं जाग्यावर आलं. हसत होते, चिडत होते, मुलीचा फोन आला की डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटलं, सुटलो.

मग एक दिवस मागच्या अंगणातून हाक आली, चहाला बोलवावं तशी — "इकडे ये वो, पाह्य कसं मस्त नक्शीकाम हाये अंगावर!"

जाऊन बघते तर हे सरपणाच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले. समोर हातभर अंतरावर घोणस. फुत्कारत होती. प्रेशर कुकरसारखा आवाज येत होता. मी किंचाळले. हे वळून माझ्याकडे बघताहेत, चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य — "काऊन वरडून राह्यली तू?"

चंद्रपूरला ह्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी पुढच्या तपासणीला स्कॅन दाखवून समजावलं. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो. धोका दिसला की आधी तो घंटा वाजवतो, विचार मागून येतो. छाती धडधडते, पाय पळायला तयार होतात, ते त्याच्यामुळे. मग कपाळामागचा भाग बघतो आणि म्हणतो, थांब, साप नाही, दोरी आहे. तेव्हा घंटा बंद. "तुमच्या मिस्टरांची घंटाच गेलीय," त्या म्हणाल्या. "बाकी भावना आहेत. भीती तेवढी नाही. फार क्वचित होतं असं." परत येईल का विचारलं तर म्हणाल्या, सांगता येत नाही.

मी ह्यांच्या ऑफिसात जाऊन म्हटलं, ह्यांना जंगलात पाठवू नका. पण चालणं-बोलणं ठीक, कागदावर फिट. आणि हे स्वतःच जायला उतावीळ. गेले.

आता खरी गोष्ट.

बुधवार होता. आठवीच्या वर्गात पचनसंस्था चालली होती. खडू हातात, फळ्यावर जठर काढतेय... आणि अचानक मला भीती वाटली.

हे नीट सांगायला हवं. काळजी नव्हे. काळजीला विषय असतो — मुलगी पोचली का, ह्यांनी गोळी घेतली का. ह्या भीतीला विषयच नव्हता. वर्ग तोच, पोरं तीच, खिडकीतून ऊन येत होतं. आणि माझं अंग मात्र मरण समोर दिसल्यासारखं वागत होतं. तोंड कोरडं पडलं. मानेवरचे केस उभे राहिले. पाय असे जड झाले की मी फळ्याला धरून उभी राहिले. पोरी पाणी घेऊन धावल्या. चार-पाच मिनिटं. मग नळ बंद करावा तसं सगळं थांबलं. घड्याळात पावणेबारा.

बीपी असेल म्हणून सोडून दिलं.

शनिवारी हे आले. जेवताना, भातावर वरण घेता घेता म्हणतात — "या हप्त्यात वाघीण पाह्यली. पिल्लं होती संग. पंधराक पावलांवर."

"कधी?"

"बुधवारी. दुपारच्या आधी. पाणवठ्यापाशी गेलतो."

बुधवार, पावणेबारा. "मग मागे कसे फिरलात? तुम्हाला तर..."

"तेच तर नवल ना. मले जवळ जाऊन पिल्लं पाहाची होती. पण पायच उचलेनात. जड झाले, दगडावानी. मंग लालसूभाऊनं मागून खेचलं."

लालसूभाऊ म्हणजे त्यांच्यासोबतचे वनमजूर. साठीचे, तिथलेच, तीस वर्षं जंगलात चाललेले.

मी ह्यांना काही बोलले नाही. योगायोग. पोरांना मी हेच शिकवते — एकदा जुळलं म्हणजे सिद्ध झालं नाही. पण पुढच्या चार महिन्यांत असं आणखी तीनदा झालं. एकदा बाजारात, हातात वांगी असताना. त्याच सुमारास हे पुराच्या नाल्यात गाडी घालणार होते. एकदा शाळेच्या परिपाठात, पोरांची प्रार्थना चालू असताना. तेव्हा हे एका अर्धवट तोडलेल्या, कलत्या सागाखाली उभे होते. एकदा घरी, केस विंचरताना. त्या वेळी नक्की काय झालं होतं ते ह्यांना आठवलं नाही, पण "पाय थांबले होते" एवढं आठवलं. प्रत्येक वेळी दिवसाउजेडी, चार-पाच मिनिटं. आणि प्रत्येक वेळी ह्यांचं तेच वाक्य — पाय थांबले.

न राहवून लालसूभाऊंना फोन केला, ह्यांचे पाय थांबतात ते तुम्ही पाहिलंय का विचारलं. वाटलं, ते काही देवाधर्माचं सांगतील. तर म्हणाले, "बाई, मी असलं काई मानत नाई. पण साहेब थांबतात तवा मी त्यायच्या तोंडाकडे पाहतो. तोंड तसंच राहते, मजेत. फक्त पाय थांबते. जसं कोणी दुसऱ्यानंच थांबवलं." मग त्यांनीच विचारलं — "तुमाले काई ठाऊक हाये का?"

मी नाही म्हटलं. का, कोण जाणे.

त्या दिवसांत माझी झोप गेली. कधी येईल ह्या विचाराने मी सगळीकडे काहीतरी धरून उभी राहू लागले — बसचा दांडा, टेबलाची कड. जेवण जाईना. वजन उतरलं. शेवटी मुख्याध्यापक बाईंनीच डॉक्टरकडे पाठवलं. मी डॉक्टरांना भीतीचं सांगितलं, जुळण्याचं सांगितलं नाही. ते म्हणाले, पॅनिक अटॅक. नवरा एवढ्या आजारातून उठलेला, जंगलात नोकरी, होणारच. गोळ्या दिल्या.

आणि गोळ्यांनी गुण आला, हे मला कबूल केलं पाहिजे. तीन आठवडे मी गाढ झोपले. छातीतलं सगळं कापसात गुंडाळल्यासारखं झालं. शाळेत पुन्हा विनोद करायला लागले. मला फार बरं वाटत होतं. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

गुरुवार. मधली सुट्टी. आम्ही शिक्षिका डबे उघडून बसलो होतो, कोणाच्या तरी सासूच्या गमतीवर मी पोट धरून हसत होते. फोन वाजला. लालसूभाऊ. आवाज फाटलेला —

"बाई, साहेबाले अस्वलानं धरलं... जिता हाये, जिता हाये. चंद्रपूरले घेऊन चाल्लो."

उजवा खांदा फाडला होता, डोक्याची कातडी एका बाजूने सोललेली. लालसूभाऊ कुऱ्हाड घेऊन ओरडत धावले म्हणून जीव वाचला. दवाखान्यात टाके पडल्यावर हे शुद्धीत आले. मी कॉटशेजारी. भीतीची खूण नाही चेहऱ्यावर, नुसता दुखण्याने आक्रसलेला. मला म्हणतात, "मोहाच्या झाडाखाली होतं. मी चालतच गेलो त्याच्याकडे. आज पाय थांबलेच नाई वो."

माझ्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट होतं. मी ते काढून ह्यांच्या उशाशी ठेवलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. फळा, वांगी, परिपाठ, गोळ्या. मी म्हटलं, आता बदली मागा, रोपवाटिकेत जा, झाडं लावा. त्यावर पट्टी बांधलेलं डोकं हलवून हट्टाने म्हणतात —

"मले भेव वाटत नाई तर मी काऊन पळू? तीस जणांचं काम आम्ही दहा जण करून राह्यलो."

आणि मी, जिने लग्नानंतर कधी आवाज चढवला नाही, भर वॉर्डात ओरडले — "तुम्हाले नाई वाटत, मले वाटते ना! तुमच्या वाटणीची बी मीच भिऊन राह्यली! किती दिवस भिऊ?"

हे मग रडले. रडणं त्यांचं शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने बदलीचा अर्ज लिहिला.

डॉक्टरीण बाईंना मी नंतर जुळण्याचंही सांगितलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या मनाने नंतर जोडणी केली असेल. जुळलेलं लक्षात राहतं, न जुळलेलं विसरतो. आणि ह्यांचे पाय? त्या म्हणाल्या, घंटा गेली तरी शरीराला धोका कळण्याच्या दुसऱ्याही वाटा असू शकतात, सगळं अजून कळलेलं नाही. मला पटलं. मीही वर्गात हेच सांगितलं असतं. गोळ्या मात्र मी त्यांना विचारून हळूहळू बंद केल्या.

आता हे पोंभुर्ण्याजवळ रोपवाटिकेत आहेत. रोज घरी येतात. सागाची, बांबूची रोपं. त्यांना कंटाळा येतो, चिडतात, पण टिकलेत. दीड वर्ष मला काही झालं नाही. वाटलं, संपलं. संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, आम्ही दोघं ओसरीवर चिंच फोडत बसलो होतो. रेडिओ लागलेला. हे समोर, माझ्यापासून दोन हातांवर, धडधाकट. आणि ती आली. आधीच्या सगळ्या वेळांपेक्षा मोठी. माझ्या हातातली चिंच गळून पडली. मी ह्यांच्याकडे बघतेय — हे तर इथेच आहेत. मग?

मुलीला फोन केला. मेसमध्ये जेवत होती, वैतागली. आईला केला, भावाला केला. शेवटी लालसूभाऊंना. ते खाटेवर पडले होते, म्हणाले, सगळं ठीक आहे बाई. ह्यांनी घर, अंगण, विहीर, शेजारची पडकी भिंत सगळीकडे फिरून पाहिलं, अगदी आरामात, जसं काही हरवलेलं पेन शोधताहेत. परत येऊन बसले.

"काईच नाई वो."

अर्धा तास चाललं. हे माझं मनगट धरून बसले होते, नाडीवर बोट. किती जोरात चाललीय हे त्यांना कळत होतं, पण का, ते कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने हळूच विचारलं, "कशी असते वो ती? मी इसरूनच गेलो."

मी त्यांचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला.

त्या दिवशी कोणालाच काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आजपर्यंत नाही. मी रोज सगळ्यांना फोन करते. ती भीती कोणाची होती, हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला असं काही झालं असेल तर जरूर सांगा... उत्तर नसलं तरी चालेल.