मेट्रो झाली की येतो

सिल्वासात रेल्वे नाही. गाडी धरायची तर वापी गाठावं लागतं. आणि अशा गावाजवळ, खडोलीच्या कारखान्यात, आम्ही मेट्रोच्या दारांचं रबर बनवतो. दार मिटताना दोन्ही पाखांच्या कडेच्या ज्या काळ्या, पोकळ पट्ट्या एकमेकींना चिकटतात ना, त्या. पट्टी पास करायची की भंगारात टाकायची, हे मी ठरवतो. पट्टीचा जोड डोळ्यांना फसवतो, अंगठ्याला फसवत नाही. चौदा वर्षं अंगठा फिरवून मला खोडच लागलीय. घरी गेलो तरी फ्रिजच्या दारावर अंगठा जातो. बायको म्हणते, "अहो, निदान त्याला तरी पास करा."

घर पुण्यात, कोथरूडला. बायको तिथल्या शाळेत शिकवते, मुलगी आता नववीत आहे. मी इकडे सिल्वासात, टोकरखाड्यात, दोन खोल्यांत एकटा. पंधरा दिवसांतून एकदा जातो, तेही ऑडिट नसलं तर. बाकीचे रविवार कसे जातात ते विचारू नका. कपडे धुतो, वाळत घालतो आणि वाळेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसतो. डबा आणणाऱ्या बाईंना दारातून "हां बेन, त्यां मूकी दो", म्हणजे तिथे ठेवा, म्हणतो, तेवढाच काय तो दिवसभरातला माझा आवाज. एकदा सोमवारी कारखान्यात बोलायला तोंड उघडलं तर घसा खरखरला. एकटेपणा वगैरे मोठे शब्द मला आवडत नाहीत. पण हा तोच, दुसरं काय!

मग परत का जात नाही? याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मणक्याचं दुखणं, डॉक्टरांनी स्कूटर बंद केलेली. माझ्या कामाचे कारखाने पिंपरीकडे. कोथरूड ते पिंपरी, रोज, त्या ट्रॅफिकमधून? हाडं खिळखिळी व्हायची. तेव्हा पौड रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे नुकतेच लागले होते. मी म्हणालो, "मेट्रो झाली की येतो." मुलगी पहिलीत होती. तिने ते मनात धरून ठेवलं.

आईच्या फोनवरून ती मला बातम्या द्यायची. "बाबा, आज आपल्या खांबाला डोकं आलं." "बाबा, आज दोन खांबांवर पूल ठेवला." मी त्या बातम्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात सगळ्यांना ऐकवायचो. रबराची पट्टी काढणाऱ्या एक्स्ट्रुडर मशीनवरचा धुळ्याचा ऑपरेटर मला रोज चिडवायचा, "साहेब, तुमनी मेट्रो कव्हय सुरू व्हई?" मी म्हणायचो, झालीच बघ आता.

आणि झाली की हो! आधी वनाजपासून गरवारेपर्यंतच. मी म्हणालो, एवढ्याशा तुकड्याचं काय करू, पिंपरीला तर जोडू दे. पिंपरीलाही जोडली. मग म्हणालो, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलावी लागते, जिने फार आहेत. तिथे सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? बायको सुरुवातीला भांडायची. नंतर नुसतं "बरं" म्हणायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

खरं सांगतो, घोडं मेट्रोपाशी अडलंच नव्हतं. इथे मी साहेब आहे. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. पिंपरीत माझ्याहून लहान कुणाच्या तरी हाताखाली बसायचं. आणि घरी? घरात मी चौदा वर्षं पाहुणा. पाहुण्याला सगळे बरं बोलतात. कायमचा गेलो आणि त्यांना नकोसा झालो तर? या भीतीपायी मी त्या दोघींच्या तोंडाला पानं पुसत राहिलो.

गेल्या पावसाळ्यानंतर पिंपरीच्या एका कारखान्याने नोकरी देऊ केली. आठवड्यात होय की नाही ते कळवायचं होतं. पत्र खिशात घालून पुण्याला गेलो, पण घरात अवाक्षर काढलं नाही. मुलगी म्हणाली, "चल, तुला मेट्रोने फिरवते. तू अजून बसलाच नाहीयेस." तिचं खरं होतं. मेट्रो मेट्रो करून मी एवढा जीव खाल्ला आणि तिच्यात पाय ठेवला नव्हता.

आनंदनगरला गाडी आली. मुलगी पटकन आत शिरली. मी तिच्यामागे निघालो आणि समोर दाराच्या कडेला ते काळं रबर दिसलं. आमचं की दुसऱ्या कुणाचं? गेला की अंगठा तिकडे! पार वाकून, खालच्या कोपऱ्यातला जोड चाचपायला. टूं टूं वाजायला लागलं. मागून गार्ड ओरडला, "ओ काका, हात काढा!" मशीनवर कुणी ओरडलं की आधी मागे व्हायचं, हे अंगात मुरलेलं. मी मागे झालो. दार मिटलं. काचेपलीकडे मुलगी, अलीकडे मी. कपाळ माझं! गाडी निघाली. ती ओरडली नाही, काचेवर हातही मारला नाही. नुसती बघत गेली.

फोन केला तर म्हणाली, "आयडियल कॉलनीला उतरते, तिथे ये." पुढच्या गाडीने गेलो. ती बाकावर पाय हलवत बसली होती. मला बघून दचकली, म्हणजे खरंच दचकली.

"घाबरलीस का गं?"

"छे! मी दोन गाड्या बघणार होते. नाही आलास तर घरी जाणार होते."

"अगं, मी येणार नाही असं कसं होईल?"

"आई म्हणते, बाबाची वाट बघायची, पण फार नाही."

रागाने नव्हती बोलली. शाळेतला एखादा नियम सांगावा तसं सांगितलं. मला तिथे, त्या फलाटावर, रडू फुटलं. चारचौघांत. तिने बॅगेतून पाण्याची बाटली काढून दिली. मी पत्र काढून तिच्या हातात दिलं. म्हणालो, "सोमवारी होय कळवतो. आता कायमचाच येतो. चल, आईला सांगू."

तिने पत्र पूर्ण वाचलं. घडीवर घडी नीट बसवून परत दिलं. म्हणाली, "आईला आत्ता नको सांगूस, बाबा. आधी ये. मग सांग."

मी शब्द दिला. सोमवारी मात्र खडोलीत मोठं ऑडिट निघालं. मंगळवारी म्हटलं उद्या कळवू. मग आठवडा संपला.

याला आता आठ महिने झाले. मी टोकरखाड्यातच आहे. मुलीला दिलेला शब्द तेवढा पाळलाय. तिच्या आईला अजून काही सांगितलेलं नाही.