विचारून दिलेला घास

पंचवीस वर्षं मी चौथीच्या वर्गासमोर उभी राहून "इकडे लक्ष द्या" म्हणते आहे. मुलं खिडकीबाहेर बघतात. घरी येऊन तेच नवऱ्याला म्हणते, तो मोबाईलमध्ये बघतो. त्यामुळे कुत्र्याने माझ्याकडे बघावं म्हणून मी शिकवणी सुरू करणार, हे ऐकून घरात हशा पिकला त्यात नवल नव्हतं.

पण शिकवणी घेणं भागच होतं. त्याला कारण आबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर सोनगीरजवळचा मळा वाट्याने देऊन ते जळगावला आमच्याकडे आले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. बोलावलं तर जेवत, नाहीतर नाही. चार महिने असे गेले. मग एका सकाळी आमच्या कुत्र्याने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. हा कुत्रा मुलीने पुण्याला शिकायला जाताना मागे ठेवलेला. तांबूस, लांब पायांचा, अगदी गावठी. मुलीने ठेवलेलं त्याचं इंग्रजी नाव आबांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्याला गड्या म्हणत. त्या सकाळी आबा उठले, टोपी घातली आणि गड्याला घेऊन मेहरूण तलावाकडे चालू लागले. परत आले ते चहा मागतच. आबांनी चहा मागितला ही बातमी मी लगेच पुण्याला फोन करून कळवली.

तेव्हापासून रोजचं फिरणं सुरू झालं, ते थेट डिसेंबरपर्यंत. मग एके दिवशी तलावाच्या वाटेवर बकऱ्यांचा कळप आला, गड्याने हिसका दिला आणि आबा पडले. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला.

"त्यानं काय चुकनं? मीच दखं नई," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, आपणच बघितलं नाही म्हणून.

"आबा, पुढच्या वेळी खुबा मोडेल," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "संक्रांतीला पारोळ्याला ताईकडे जायचंच आहे. कुत्रा तिच्या शेतावर सोडून येऊ."

जेवण झाल्यावर आबा पलंगावर जाऊन बसले. तोंड भिंतीकडे.

संक्रांतीला महिना होता.

मुलीने फोनवर व्हिडिओ पाठवले. त्यातली गोरी बाई कुत्र्याशी खाऊचे खेळ खेळत होती. नाव घ्यायचं, कुत्र्याने बघितलं की घास द्यायचा. एक तुकडा लांब फेकायचा, तो खाऊन परत येऊन तोंडाकडे बघेल तेव्हा दुसरा. मला वाटलं, हे तर सोपं आहे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचे नखाएवढे तुकडे केले, कुरकुरीत वाळवले. वर पिकल्या केळ्याच्या चकत्या. माझं माहेर सावद्याचं, आमच्या घरात एक वेळ मीठ संपेल, केळी नाही. सगळं स्टीलच्या डब्यात भरलं आणि डबा वाजवत अंगणात उभी राहिले.

आठवड्याभरात गड्या डब्याचा निस्सीम भक्त झाला. डबा माझ्या हातात असला की त्याचा देव मी, फ्रिजवर ठेवला की फ्रिज. फ्रिजसमोर तो तासन्‌तास ध्यानस्थ बसे. एक फेकलेली चकती नवऱ्याच्या मोज्याला चिकटून बँकेत गेली.

"आई, तू त्याला शिकवत नाहीयेस, लाच देतेयस," मुलगी म्हणाली. "खाऊ आधी दाखवायचा नाही. मूठ बंद ठेव आणि गप्प राहा. काहीही बोलू नकोस. तुझ्या डोळ्यांत बघितलं की मगच मूठ उघड."

गप्प राहणं मला जमणार नाही, असं तिच्या बापाचं मागून मत आलं.

त्या थंडीतले दिवस आता मला एका लांबच लांब सकाळीसारखे आठवतात. अंगणातल्या पायरीवर मी शाल गुंडाळून बसलेली. समोर गड्या. तो माझी मूठ हुंगतो, चाटतो, पंजा मारून बघतो, एकदा जांभई देतो. मी गप्प. ऊन भिंतीवरून वीतभर खाली सरकतं. कुठेतरी कोणी वांगी भाजतंय, त्याचा धूर पेंगुळल्यासारखा कुंपणावरून येतो. आणि मग, करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून जणू, तो मान वर करतो. त्याचे डोळे पातळ चहाच्या रंगाचे होते. पंधरा महिने घरात असून मला ते माहीत नव्हतं. त्यांत एक इवलीशी शाल गुंडाळलेली बाई बसली होती आणि तिच्यामागे सगळं आभाळ होतं. मूठ उघडायची आहे हे मी विसरूनच गेले. शेवटी त्याने शिंक दिली तेव्हा भानावर आले.

दहा दिवसांत तो माझ्याकडे बघायला शिकला. पण त्याला फिरवणार होते आबा. म्हणून मी आबांना मूठ धरायला सांगितलं. त्यांनी धरली आणि लगेच उघडली.

"आबा, थांबायचं. तो बघेपर्यंत द्यायचं नाही."

"भुक्या जीवले वाट दखाले लावू नई, माय."

"अहो, खेळ आहे हा."

"अन्नना खेळ?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच चौथीत गेले. "आन तू ते फेकी बी ऱ्हायनी. मी दखस ना रोज."

ज्या माणसाने साठ वर्षं जमिनीतून दाणा काढला त्याला मी अन्न कसं फेकावं ते शिकवणार! इकडे आबा बंडीच्या खिशात भाकरी ठेवून मनात येईल तेव्हा देत, आणि गड्या खिशात नाक खुपसून त्यांना आणखीच ढकलत असे. संक्रांतीला बारा दिवस उरले.

मग एका दुपारी आबा ओट्यावर उन्हात जेवत होते. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते, अर्धवट झोपेत. गड्या ताटापासून हातभर लांब बसलेला. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि विचारलं, "काय गड्या, भूक लागनी ना?"

आणि थांबले. पाहुण्याला विचारल्यावर उत्तरासाठी थांबतो तसे. गड्याने भाकरीकडे बघितलं, मग आबांच्या तोंडाकडे. बघतच राहिला. "हां, मग बोल ना," म्हणत आबांनी घास दिला. थोड्या वेळाने, "आखो देऊ का?" पुन्हा थांबले. पुन्हा तीच मान वर.

माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

"आबा, तुम्ही त्याला विचारून देता?"

"मग? न इचारता वाढतस का कोनले? गायले बी इचारीसन चारा टाकूत आम्ही."

"मग खिशातला तुकडा न विचारताच देता तो?"

आबा जरा ओशाळले. "त्या काय जेवन शे? त्या ते असाच."

"रस्त्यातही विचाराल? दर दहा पावलांवर?"

"इचारसू ना. त्यान्हामां काय शे?"

खेळ त्यांना मान्य नव्हता, विचारपूस मान्य होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत आबांचा आवाज घुमू लागला. "दमना का रे?" थांबणं, मान वर, घास. "जेवना का?" थांबणं, मान वर, घास. पलीकडच्या अक्का गॅलरीतून दोनदा "हो आबा, झालं जेवण" म्हणाल्या. मी हातभर मागून चालत असे, काही बोलायचं नाही हे स्वतःला बजावत.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी नवरा आमच्याबरोबर तलावावर आला. गड्याला ठेवायचं की पारोळ्याला न्यायचं, ते तो स्वतः बघून ठरवणार होता. पाण्यावर धुकं होतं आणि समोरचा काठ दिसत नव्हता. त्या धुक्यातून आधी घंटा ऐकू आल्या, मग बकऱ्या आल्या, एकामागून एक, पाय नसल्यासारख्या तरंगत. गड्याचे कान उभे राहिले. दोरी ताणली. नवऱ्याने हात पुढे केला, मी त्याचा हात धरला. मला ओरडायचं होतं. पंचवीस वर्षांची सवय घशाशी आली होती.

आबा थांबले. "गड्या," ते हळूच म्हणाले, "बकऱ्या जाई ऱ्हायन्यात. जाऊ देवूत का त्यास्ले?"

आणि उत्तरासाठी थांबले.

एक बकरी गेली, दुसरी गेली. गड्याचं सगळं अंग थरथरत होतं. मग त्याने मान वळवून वर बघितलं, आबांच्या तोंडाकडे. बघत राहिला. आबाही त्याच्याकडे बघत राहिले. कळप दोन्ही बाजूंनी वाहून गेला. घास द्यायचं आबांना बऱ्याच वेळाने सुचलं.

नवऱ्याने खिशातून मोबाईल काढला. मग म्हणाला, "ताईला फोन करतो. तिळगूळ घेऊन आम्ही दोघंच येऊ, कुत्रा इथेच राहील म्हणून सांगतो."

आबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. रोज ते काठावरच्या पिंपळाशी वळून परत फिरायचे. त्या दिवशी वळले नाहीत. तलावाच्या काठाने ते दोघे पुढे चालत गेले, धुक्यात टोपी दिसेनाशी झाली, मग शेपटीही. नुसतं ऐकू येत राहिलं, काहीतरी विचारणं आणि मग थोडी शांतता. आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. घरी जायची घाई कोणालाच नव्हती.